या गाडीत शहर पास चालत नाही

उद्या पहाटे निघायचंय ना तुम्हाला? बॅगा आत्ताच दाराशी आणून ठेवल्यात, हे बरं केलंत. पहाटे अंधारात माणूस शोधाशोध करायला लागला की एक वस्तू हमखास मागे राहते, आणि नेमकी तीच विमानतळावर आठवते. बसा आता जरा. एवढ्यात पडून तरी झोप थोडीच लागणार आहे.

काय विचारत होतात जावईबापू? आपला शहर पास त्या विमानतळाच्या जलद गाडीत चालतो का?

नाही चालत. शहर पासावर बस चालते, साधी गाडी चालते, नदीपलीकडे नेणारी बोटसुद्धा चालते. जलद गाडीचं तिकीट मात्र वेगळं. रूळ तेच, फलाट तोच, पण हिच्या खुर्च्या मऊ आणि दारं आवाज न करता सरकणारी. एकाच घरात माहेरची श्रीमंत जाऊ असते ना, तशी ती. आणि ती यायच्या आधी फलाटावर दर वेळी त्या बाईचा आवाज लागतो, ‘या गाडीत शहर पास चालत नाही.’ ऐकून ऐकून इथल्या तान्ह्या पोरांनाही पाठ झालंय.

तेव्हा उद्या मुकाट्याने तिकीट काढा. चुकून पासावर बसलात तर दंड भराल, दुसरं काही नाही. म्हणजे… सहसा तरी नाही.

काकाला हसू नकोस ग. उगाच ‘सहसा’ म्हणालो नाही मी. एका माणसाला ओळखतो म्हणून म्हणालो. तूही ओळखतेस त्याला. आपला भिंगवाला. शाळेत असताना तुझा पहिला चष्मा त्यानेच करून दिला होता.

जावईबापूंना माहीत नाही, म्हणून सांगतो. भिंगवाला म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. चष्म्याच्या दुकानात कामाला होता. पुढे आरसे, दिवे, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, आणि हा मागच्या खोलीत मशीनवर काचा घासत बसलेला. बोटं कायम त्या पांढुरक्या पाण्यात. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर त्याची जीभ दुखत असेल. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची मोठी बहीण. सगळा मजला तिला ताईच म्हणायचा.

आईबाप लवकर गेले, तेव्हा हा अगदी लहान. ताईनेच वाढवला. एका मोठ्या हॉटेलात चादरींना इस्त्री करायची ती, उभ्याने, दिवसभर. बोलणं असं की ऐकतच राहावं. याच्या वाटणीचंही तीच बोलायची. एकदा जिन्यात त्याला म्हणाली, “बोल की रे काहीतरी. तुझ्यापेक्षा ती भिंत बरी, निदान पलीकडून खोकते तरी.” पलीकडून खोकणारा म्हणजे मी.

दर महिन्याच्या एक तारखेला दोघं भावंडं स्टेशनच्या खिडकीवर जाऊन शहर पास काढायची. एकदम दोन. एक याचा, एक तिचा. पुढे तिचं दुखणं निघालं. शहराच्या पार टोकाला, शेवटच्या स्टेशनाजवळ मोठा दवाखाना आहे ना, तिथे दाखल केलं. नोव्हेंबर उजाडला, आणि त्याने पहिल्यांदाच एकट्याचा पास काढला. बिछान्यावर पडलेल्या माणसाला पास कशाला हवा? आणि त्याच आठवड्यात ताई गेली.

आम्ही होतोच बरोबर. सगळं उरकलं. हा रडला नाही. आम्ही म्हटलं, आत दाबून ठेवलं असेल, येईल बाहेर. पण तिसऱ्या दिवशी हा दुकानात, मशीनवर, काचा घासतोय. तुझी काकू रोज डबा द्यायची. डबा घासूनपुसून परत यायचा, पण आतलं जेवण कुठे गेलं ते देव जाणे, कारण माणूस तर दिवसेंदिवस वाळत चालला होता. मी विचारलं, “बरं आहे ना रे?” तर म्हणाला, “हो.” तेवढंच. दुःख झालेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय. हा तसा नव्हता. दाढ काढताना सुई देतात, मग ओठ आपलाच असतो आणि आपला नसतो. तसा झाला होता तो. नखशिखांत.

मग दवाखान्यातून फोन आला. ताईची पिशवी तिथेच राहिलीय, घेऊन जा. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार होता तो. दुकान बंद झाल्यावर हा गेला.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. लगेच नाही, आठवड्याने, इथेच, या खुर्चीवर बसून. आणि हवामान वाचून दाखवतात तशा आवाजात सांगितलं. त्याला माझ्यापाशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, आणि रचून सांगण्याइतके शब्द तर त्याच्याकडे कधीच नव्हते.

दवाखान्यात खाली खिडकीवर एक बाई बसली होती. तिने पिशवी दिली. आत काय? ताईची चप्पल, कंगवा, याने स्वतः घासून दिलेला चष्मा, आणि पास. म्हणाली, “बघून घ्या.” याने बघितलं. म्हणाली, “सगळं आहे ना?” हा म्हणाला, “आहे.” आणि स्टेशनवर आला.

ते स्टेशन लहानसं आहे. दोन फलाट, एक जिना, मोजके बाक. साधी गाडी तिथून सुटते. जलद गाडी तिथे थांबत नाही. ती सरळ धडधडत विमानतळाकडे निघून जाते. हा बाकावर बसला. पिशवी मांडीवर. शेवटची साधी गाडी आली. दारं उघडली. चारदोन माणसं चढली. दारं लागली. गाडी गेली.

हा बसलेलाच.

मी म्हटलं, “अरे, डोळ्यांदेखत सोडलीस?”

तर म्हणाला, “उठायचं असतं हे कळत होतं. उठायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेच आठवेना.”

फलाटावरचे दिवे एकाआड एक मालवले. जिन्याची जाळी ओढल्याचा आवाज आला. हा आत आहे हे कुणी पाहिलं नाही, आणि यानेही हाक मारली नाही. थंडी होती म्हणे. म्हणजे असणारच. याला काही जाणवत नव्हती. तोंडातून वाफ निघत होती, तेवढ्यावरून त्याने ताडलं.

असा किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग वरच्या भोंग्यात खरखर झाली. तोच त्या बाईचा आवाज. रोजचाच.

‘या गाडीत शहर पास…’

आणि थांबली.

पुढचे दोन शब्द आलेच नाहीत. याने वाट पाहिली. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. मग भोंगा बंद झाला.

आणि गाडी आली.

जलद गाडी. तीच लांब, गुळगुळीत. आवाज नाही. रुळांची थरथर नाही. आली आणि थांबली. जिथे ती कधी थांबत नाही, तिथे. एक दार नेमकं याच्या समोर. ते सरकलं.

मी विचारलं, “चढलास कशाला?”

म्हणाला, “दार उघडं होतं म्हणून.”

आत दिवे होते. पांढरे. गारवा नाही, ऊब नाही. माणसं होती. बरीच. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत, नीट बसलेला. एकाच्या अंगावर बसड्रायव्हरचा गणवेश. एक लहानशी मुलगी, अनवाणी, तिच्या मनगटाला दवाखान्यातली कागदाची पट्टी. एक गृहस्थ, डोक्यापासून ओला. केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि खाली जमीन कोरडी.

कुणाकडे सामान नव्हतं. कुणाच्या हातात मोबाईल नव्हता.

प्रत्येकाच्या हातात पास होता. शहर पास. असा, समोर धरलेला.

गाडी सुटली. हा खिडकीजवळ बसला. जन्मभर काचांत काम केलेला माणूस, त्याची नजर आधी काचेकडेच जाणार. बाहेर अंधार, त्यामुळे काचेत डब्याचं प्रतिबिंब. खुर्च्या दिसत होत्या. दिवे दिसत होते. हा स्वतः दिसत होता.

बाकी… नुसत्या खुर्च्या.

त्याने वळून डब्यात पाहिलं. माणसं होती. पुन्हा काचेत पाहिलं. खुर्च्या.

मी म्हटलं, “घाबरला असशील.”

जरा विचार केला त्याने. म्हणाला, “नाही. घाबरायला हवं होतं, नाही का?”

मग त्याला पुढच्या रांगेत एक डोकं दिसलं. पाठमोरं. मानेवर घट्ट आवळलेला अंबाडा, कानामागे एक पांढरी बट, जी कितीही चापून बसवली तरी सुटायची. हा उठला. दोन खुर्च्या ओलांडून तिच्या शेजारी जाऊन बसला.

“ताई.”

तिने वळून पाहिलं. चेहरा तिचाच. दुखण्याच्या आधीचा. तिलाही आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही. कपाळाला आठी पडली.

“तू रे इथे कसा?”

“तुझी पिशवी आणायला गेलो होतो.”

“त्यात काय आहे एवढं? टाकून द्यायची.” मग जरा वेळाने, “जेवलास?”

“नाही.”

“काल?”

याने मान हलवली.

“का?”

“भूक लागत नाही.”

“भूक लागायची वाट नसते बघायची,” ताई म्हणाली. “वेळ झाली की जेवायचं. मी तरी काय भूक लागायची म्हणून जेवत होते होय?”

हे सांगताना, बरं का, त्याचा आवाज पहिल्यांदा जरासा हलला. जरासाच. मग परत सपाट.

तो तिला म्हणाला, “मी येतो तुझ्याबरोबर.”

बाजारात निघालेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला. खांद्यावर पिशवी अडकवून, चल, मीही येतो.

डब्याच्या टोकाचं दार सरकलं. तपासनीस आला.

साधाच माणूस. करड्या रंगाचा कोट, वयस्कर, हातात ते लहान मशीन. आवाज मऊ. एकेकाच्या समोर वाकून पासावर मशीन टेकवायचा. हिरवा दिवा लागायचा. मग म्हणायचा, “चालेल.”

बसड्रायव्हर. हिरवा. “चालेल.”

पट्टीवाली मुलगी. हिरवा. “चालेल.”

तो ओला गृहस्थ. त्याने हात मागे घेतला. तपासनिसाने तो हात धरून पुढे आणला. हिरवा. “चालेल.”

ताई. तिचा पास.

याच्या मांडीवरच्या पिशवीत होता ना तो? पण तिच्या हातात होता. याने पिशवी चाचपली नाही. सुचलं नाही म्हणाला.

हिरवा. “चालेल.”

मग हा. याने खिशातून पास काढून पुढे केला.

लाल.

तपासनिसाने मशीन पुसलं. पुन्हा टेकवलं.

लाल.

डब्यातली सगळी माणसं… वळली. सावकाश. याच्याकडे पाहायला लागली. रागाने नाही. आपण दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो ना, तशी.

“तुमचा पास या गाडीत चालत नाही,” तपासनीस म्हणाला.

“तिकीट काढतो.”

“इथे तिकीट नसतं.”

“मग दंड घ्या.”

“दंडही नसतो.”

“हिचा चालला,” याने ताईकडे बोट दाखवलं. “माझाही तोच आहे. त्याच खिडकीवरचा. तोच रंग.”

“त्यांच्या पासाची मुदत संपलीय.”

“मग?”

“संपलेलाच चालतो,” तपासनीस म्हणाला. समजूत घालावी तसं म्हणाला. “तुमची मुदत बाकी आहे.”

याने विचारलं,

“किती?”

तपासनिसाने मशीनमध्ये पाहिलं.

मग ताईकडे पाहिलं.

“पुढे थांबवतो,” एवढंच म्हणाला. “उतरा.”

तेव्हा याने काय केलं, तर पास दोन्ही हातांत धरला. दोन अंगठे मधे. काच कापायची तर अशीच धरतात, नेमकी रेघेवर. म्हणाला, “आणि हा मोडला तर?”

तपासनीस बघत राहिला. डबा बघत राहिला.

ताईने याच्या हातावर हात ठेवला. मी विचारलं, कसा होता हात? गार? तर नाही म्हणाला. गार नाही, गरम नाही. वजन नाही. हातमोज्याच्या वरून कुणी बोट लावावं, तसा.

“लहानपणापासून एका गोष्टीचा हट्ट केला नाहीस,” ताई म्हणाली. “खेळणं मागितलं नाहीस, कपडा मागितला नाहीस. मला वाटायचं, मागावं रे पोराने काहीतरी. आणि आता हे मागतोस?”

याने पासावरचे अंगठे सैल सोडले.

“उतर.”

“ताई…”

“उतर म्हणते ना.”

आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. काचेत… तिची खुर्ची होती.

गाडी थांबली.

हा उतरला. चार पावलं चालला. समोर एक बाक होता, त्यावर बसला. एवढंच त्याला करता येत होतं त्या रात्री, बाकावर बसणं.

मी विचारलं, “गाडी गेलेली पाहिलीस?”

म्हणाला, “लगेच गेली नाही. दार उघडंच होतं. बराच वेळ.”

“आणि मग?”

“मग नव्हती.”

त्याचं सांगणं इथे संपलं. आता माझं ऐका, कारण यापुढे मी होतो.

पावणेतीनला माझा फोन वाजला. नंबर त्याचा, आवाज परका. म्हणाला, “मी रखवालदार बोलतोय. या फोनमध्ये शेवटचा नंबर तुमचा आहे. तुमचा माणूस इथे बसलाय. आत. कसा आला ते मला विचारू नका.”

कुठे म्हणून विचारलं, तर अर्ध्या वाटेवरचं ते जुनं स्टेशन. तेव्हा ते बंद होतं, नवीन बांधत होते. चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकलेले. कुठलीच गाडी तिथे थांबत नव्हती, साधी नाही की जलद नाही. मी अंगावर स्वेटर चढवला आणि स्कूटर काढली.

रखवालदार फाटकाशीच उभा होता. आडदांड गडी, हातात विजेरी, पण एकटा आत थांबायला तयार नव्हता. फाटकाला बाहेरून कुलूप. त्याने माझ्यासमोर काढलं.

“संध्याकाळी कामकरी गेले तेव्हा मीच लावलं,” तो म्हणाला. “किल्ली माझ्या कमरेला. पत्रा कुठे हललेला नाही, मी फिरून बघितला.”

“गाडी आली होती का एखादी?”

“गाडी?” तो माझ्याकडे बघायला लागला. “साहेब, बारानंतर या लाइनीची वीजच तोडलेली असते. कामासाठी. गाडी येणार कशी?”

आम्ही आत गेलो. फलाटावर संध्याकाळीच नवीन सिमेंट ओतलं होतं. वरून जरा धरलं होतं, खाली ओलं. पाय टाकला की बुटाला चिकटत होतं. मधोमध एक बाक, आणि त्यावर आमचा भिंगवाला. पिशवी मांडीवर. शाळेत बाई येण्याची वाट बघत बसलेल्या पोरासारखा.

रखवालदाराने विजेरी जमिनीवर धरली.

बाकाशी याच्या बुटांचे ठसे होते. स्पष्ट. पण फाटकाकडून आलेले नव्हते. जिन्याकडूनही नव्हते.

फलाटाच्या काठापासून निघालेले होते. रुळांच्या बाजूने. काठापासून बाकापर्यंत, चार पावलं.

बस.

“वरून पडला असेल,” रखवालदार म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “वरून पडलेला माणूस असा बसतो होय.”

मी याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “चल रे. घरी जाऊ.” तो उठला. काय झालं, कसं झालं, मी विचारलं नाही. तशी ती वेळ नव्हती. मागे बसवलं, स्कूटर काढली. रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही. अर्ध्या वाटेवर पोचलो असू, तेव्हा तो एकच शब्द बोलला. मागून, माझ्या कानाशी.

“हळू.”

मी काही जोरात चालवत नव्हतो. मला वाटलं, वारा लागतोय बिचाऱ्याला. हळू केली. घरी आणला, तुझ्या काकूने खिचडी… नाही, भात होता उरलेला, तो गरम करून दिला. समोर बसून खायला लावला. त्याने खाल्ला. शेवटच्या शितापर्यंत. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि म्हणाला, “वेळ झाली होती.” आम्हाला तेव्हा काही कळलं नाही.

पुढे त्याचं ठीक झालं. म्हणजे ठीक काय, चालू झालं. जेवायला लागला, घड्याळ बघून. काचा घासत राहिला. रडला का म्हणाल, तर माझ्या देखत नाही. पण पासाचं मात्र वेगळंच सुरू झालं. महिना संपायच्या चार दिवस आधीच हा खिडकीवर. रांगेत पहिला. खिडकीवरचा माणूस थट्टा करायचा, “अहो, अजून आहे की मुदत!” हा म्हणायचा, “असू दे.” आता निवृत्त झालाय, समुद्राकडच्या एका गावी खोली घेऊन राहतो. तिथे ना बस, ना गाडी, कुठे जायचं तर पायी. तरी दर महिन्याला तंगडतोड करत इथे येतो आणि शहर पास काढून परत जातो. आमच्याकडे जेवतो. ताईचं नाव निघालं तर मान हलवतो.

आता एकच राहिलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुझ्या काकूलाही पुष्कळ उशिरा सांगितलं.

त्या रात्रीनंतरची सकाळ. शुक्रवार. मी दुकानात निघालो… म्हणजे भाजी आणायला. खाली आलो. स्कूटर सिमेंटने माखलेली असणार म्हणून फडकं आणि पाण्याचा डबा घेऊनच आलो होतो. मागे पाय ठेवायच्या दोन पट्ट्या, त्यांवर त्याच्या बुटांचं सिमेंट. बरोबर आहे. पुढे, जिथे मी पाय ठेवतो तिथे, कडेला माझ्या बुटांचे डाग. एक उजवीकडे, एक डावीकडे.

तेही बरोबर आहे.

आणि मधे…

स्कूटरवर पुढे लहान पोराला उभं करतात ना आपण? हँडलला धरून उभं राहतं ते, आपल्या दोन पायांच्या मधे. तिथे.

दोन पावलं. अनवाणी. एवढीशी.

सिमेंटची. पाची बोटं वेगळी दिसत होती. बोटं पुढच्या बाजूला. रस्त्याकडे तोंड करून. तेव्हा मला त्याचं ते ‘हळू’ आठवलं.

आमच्या घरात तेव्हा लहान मूल नव्हतं. मजल्यावर नव्हतं. त्या बांधकामावर नव्हतं, मी जाऊन विचारून आलो. फलाटावर माझे आणि रखवालदाराचे सोडले तर फक्त त्याचेच ठसे होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, विजेरीच्या उजेडात.

मी फडक्याने पुसलं. मग ब्रशने घासलं. मग सुरीने खरवडलं. माझे डाग निघाले, त्याचे निघाले.

स्कूटर खालीच उभी आहे, जिन्याखाली. पहाटे बॅगा घेऊन उतराल तेव्हा तिच्या शेजारूनच जाल. मधली ती दोन… अजून आहेत.